राकसकोपला तंबू टाकायला मिळतंय काय?

टिळकवाडीकर: आम्ही चौघं दिवाळी झाल्यावर एक रात्र पाण्याकाठी झोपायचं म्हणतोय, बेळगावातनं राकसकोपचं धरण जवळ पडतंय, नाहीतर भीमगडच्या रानात कुठंतरी. परवानगी लागते की असंच गेलं तर चालतंय?

खानापूरवाला: राकसकोप डोक्यातनं काढ बाबा, बेळगावला प्यायचं पाणी तिथनं येतंय, तिथं तू कुकर घासत बसणार काय? आणि भीमगड २०११ पासनं अभयारण्य आहे, परवानगीशिवाय आत शिरलं की गुन्हा. आधी फॉरेस्ट ऑफिसात विचारून ये.

रानवेडा: आम्ही जांबोटीकडं ओळखीच्यांच्या शेतात टाकलावता, तळ्यापासनं जरा वर, उंचावर. पहाटे धुकं असं की तंबूवर कुणी घागर ओतलीय वाटावं, आतल्या चादरी पण ओल्या. उजाडल्यावर बघतोय तर तळ्याच्या चिखलात गव्याचे खूर, ताजे, आत पाणी अजून गढूळ! म्हणून सांगतो, अगदी काठावर झोपू नका, जनावरं रात्री पाण्यालाच येतात. खरकटं पण तंबूत ठेवू नका, अस्वलं आहेत त्या भागात.

टिळकवाडीकर: अस्वल म्हटल्यावर दोघं आत्ताच गळाले 😄 शेताचंच बघतो मग. जळवा असतात काय ओ तेव्हा?

रानवेडा: पावसाळ्याएवढ्या नाहीत. मीठ घेऊन जावा तरी.