तापमान आणि लेझर पॉवरसाठी फायबर इंटरफेरोमीटर: गरज की मिरवणं?

भोसरीकर_इन्स्ट्रुमेंट
परवा एक विक्रेता फायबर इंटरफेरोमीटरचा (प्रकाशाच्या लाटा एकमेकांत मिसळून तापमान मोजणारा सेन्सर) डेमो देऊन गेला. फायबरच्या टोकाला सिलिकॉनची चकती, त्यावर ०.००१ अंशाचं रिझोल्यूशन, म्हणजे इतका बारीक फरकही दिसतो. स्क्रीनवर आकडे बघून आमचे धाकटे साहेब एकदम खूष! माझं मत स्पष्ट आहे: आमच्या ओव्हनला ड्रॉइंगवर ±२ अंश लिहिलेत. क्लास ए पीटी-१०० (तापमानाबरोबर विद्युतरोध बदलणारा प्लॅटिनमचा सेन्सर) शंभर अंशांना ±०.३५ देतो. मग बारीक आकडे कुणाला दाखवायचे? रिझोल्यूशन म्हणजे अचूकता नव्हे, हे विक्रेत्याला पटवताना माझा चहा गार झाला.

कॉइलजवळचा
ओव्हनला नकोच, दादा. पण आमच्या इंडक्शन हार्डनिंगला (कॉइलने पोलाद तापवून कडक करणं) या एकदा. पीटी-१०० मध्ये एका अंशाला ०.३८५ ओहम बदल, आणि शेजारी कॉइल सुरू झाली की वाचन उड्या मारतं. शील्ड केली, अर्थिंग बदललं, फोर-वायर (चार तारांची जोडणी) केलं, थोडाच फरक पडला. काचेच्या तंतूत वीजच वाहत नाही, तर तो नॉईज उचलणार कुठून? चकतीच्या दोन पृष्ठांवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो. सिलिकॉन तापलं की अपवर्तनांक बदलतो आणि १५५० नॅनोमीटरच्या आसपास फ्रिंजा (उजेड-अंधाराचे पट्टे) अंशाला सुमारे ८० पिकोमीटर सरकतात. फायबर ग्रेटिंग (फायबरमध्येच कोरलेला सेन्सर) जेमतेम १० देते.

भोसरीकर_इन्स्ट्रुमेंट
सरकतात, मान्य. पण १०० मायक्रॉनच्या चकतीत चाळीसेक अंशांनंतर नक्षी पुन्हा तशीच दिसते. आमच्याकडे गुरुवारी वीज गेली, भट्टी निवली, वीज आली. आता आपण कितव्या फ्रिंजवर आहोत, हे कोण सांगणार? पीटी-१०० ला कधीही विचारा, ओहम सांगतो.

पाषाणची_प्रयोगशाळा
भोसरीकर, नुसत्या फ्रिंजा मोजणाऱ्या जुन्या पद्धतीला हा आक्षेप लागू आहे. पूर्ण स्पेक्ट्रम घेतला तर दोन फ्रिंजांमधल्या अंतरावरून फ्रिंजचा क्रम ठरतो आणि वीज गेली तरी बिघडत नाही. मात्र स्पेक्ट्रोमीटरचा खर्च आला, तो विक्रेते शेवटी सांगतात. आणि लांब भुजांचा प्रकार, म्हणजे प्रकाश दोन लांब फायबरमधून जाऊन मिसळतो तो, घेऊ नका. १५५० नॅनोमीटरला एक मीटर फायबर एका अंशाला सुमारे सात फ्रिंजा हलवते. पंखा लावला तरी फ्रिंजा नाचायला लागतात. कॅविटी, म्हणजे ती चकती, टोकालाच हवी.

चाकणचा_लेझरवाला
तापमानाचं तुम्ही बघा, मला पॉवरची पडलीये. आमचा फायबर लेझर १०७० नॅनोमीटरचा, थर्मोपाइल (झोताच्या उष्णतेवरून पॉवर सांगणारा मीटर) स्थिर व्हायला काही सेकंद घेतो. पॉवर मध्येच डगमगली तर त्याला कळतच नाही. फायबरच्या टोकावर शोषक थर दिला तर वस्तुमान नगण्य, प्रतिसाद मिलिसेकंदांत. सिलिकॉन फोटोडायोड (प्रकाशावरून वीज देणारा सेन्सर) ११०० नॅनोमीटरजवळ आंधळा होऊ लागतो, तशी अडचण इथे नाही.

पाषाणची_प्रयोगशाळा
किलोवॉटच्या झोतात टोक घालू नका हो, आरशामागून झिरपणारा थोडासा प्रकाशच घ्या! आणि हे नीट समजून घ्या: तिथे पॉवर मोजली जात नाही, शोषकाचं तापमान मोजलं जातं. थर किती शोषतो आणि हवा किती उष्णता ओढून नेते, यावर वॉटचा आकडा ठरतो. एसीचा झोत वळला की तोही सरकतो. म्हणून कॅलिब्रेट केलेला थर्मोपाइल संदर्भाला शेजारी लागतोच. चढउतार पकडायला फायबर उत्तम, बिलावर लिहायच्या आकड्याला थर्मोपाइल.

कॉइलजवळचा
फायबरवरच्या कोटिंगचंही विचारून घ्या. साधं अ‍ॅक्रिलेट ८५ अंशांच्या आसपास थकतं, पॉलिइमाइड ३०० पर्यंत चालतं. आमच्याकडे पहिल्यांदा भलतंच आलं होतं.

भोसरीकर_इन्स्ट्रुमेंट
कॉइलजवळ घ्या, माझी ना नाही. ओव्हनला मात्र मी सही करणार नाही. विक्रेत्याला निरोप दिलाय: ऑइल बाथमध्ये तुमचं टोक आणि आमचा फोर-वायर पीटी-१०० शेजारी शेजारी बुडवू, मध्येच वीज बंद करू, बाथ निवला की पुन्हा चालू करू. अजून फोन आलेला नाही.