काँक्रीट पूल परिषद: साइटवरच्या नोंदींवर निबंध पाठवावा का?

प्रश्न – साइट अभियंता, सोलापूर

नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातील एका नदीपुलाच्या कामावर मी साइट अभियंता आहे. काँक्रीट पुलांचे संकल्पन आणि बांधकाम या विषयावरील एका परिषदेसाठी निबंधांचे सारांश मागवले आहेत आणि आपणही काही पाठवावे, असे मला मनापासून वाटते. अडचण अशी की, अशा परिषदांतील बहुतेक निबंध लांब गाळ्यांचे पूल आणि संगणकीय विश्लेषण यांवर असतात. माझ्याजवळ आहे ती फक्त प्रीस्ट्रेस्ड गर्डरांची (आतील पोलादी केबल ताणून दाबाखाली ठेवलेल्या काँक्रीट तुळयांची) नोंदवही: प्रत्येक केबल ताणताना जॅकवर दिसलेला दाब, मोजलेले इलाँगेशन (ताणल्यावर केबलची वाढलेली लांबी), ग्राउट (केबलभोवती भरायचे पातळ सिमेंटचे मिश्रण) भरल्याची तारीख आणि वेळ, त्या वेळचे हवेचे आणि ग्राउटचे तापमान, आणि ग्राउटचा प्रवाहीपणा. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो, त्या दिवसांतील नोंदीही यात आहेत. एवढ्या सामग्रीवर परिषदेत बोलणे योग्य ठरेल का? आणि ठरत असेल, तर भर कशावर द्यावा?

उत्तर – निवृत्त पूल अभियंता, जुळे सोलापूर

जरूर पाठवा, आणि भर ग्राउटिंगवर द्या. प्रीस्ट्रेस्ड पुलाचे आयुष्य केबलवर अवलंबून असते आणि केबलचे आयुष्य तिच्याभोवतीच्या ग्राउटवर. हे काम एकदा झाले की ते काँक्रीटच्या आत कायमचे झाकले जाते आणि त्यातील उणीव वरून कोणालाही दिसत नाही. वेल्समधील इनिस-इ-ग्वास येथील पूल डिसेंबर 1985 मध्ये कोणतीही पूर्वसूचना न देता कोसळला, कारण जोडांतून आत शिरलेल्या ओलाव्याने आणि क्षारांनी त्याच्या केबल गंजल्या होत्या. त्यानंतर ब्रिटनने 1992 मध्ये ग्राउट केलेल्या केबलचे नवे पूल बांधणेच थांबवले. ती बंदी 1996 पर्यंत होती. आपल्या शेजारी गोव्यात मांडवीवरील पूल 1986 च्या पावसाळ्यात पडला, त्यातही गंजलेल्या केबलचा मोठा वाटा होता.

सोलापूरचा उन्हाळा या विषयात फार महत्त्वाचा आहे. कडक उन्हात ग्राउट लवकर घट्ट होऊ लागतो, मग पंपावरचा माणूस प्रवाह टिकवण्यासाठी पाणी वाढवू पाहतो आणि तिथेच घात होतो. जादा पाणी वर येऊन डक्टच्या, म्हणजे केबलच्या नळीच्या, उंच भागात साठते आणि नंतर तिथे पोकळी राहते. फक्त दोन टोकांवर टेकलेल्या साध्या गर्डरमध्ये केबल मध्यभागी खाली आणि टोकांना वर असते, त्यामुळे ही पोकळी नेमकी अँकरेजजवळ (जिथे केबलचे टोक पकडलेले असते), म्हणजे सर्वांत नाजूक जागी, तयार होते. दिवसाचे तापमान 40 अंशांच्या वर जाण्याची शक्यता असेल तेव्हा ग्राउटिंग पहाटे किंवा संध्याकाळी उशिरा करावे आणि केबल ताणल्यापासून साधारण दोन आठवड्यांच्या आत ते उरकावे, असे आपल्याकडचे बांधकामाचे संकेत (कोड) सांगतात. प्रत्यक्षात हे किती पाळले जाते, हे तुमची वही सांगू शकेल. असा पुरावा मला परिषदांत फारच थोड्या वेळा ऐकायला मिळाला आहे.

उत्तर – स्थापत्य अभियांत्रिकीचे अध्यापक

वरील मताशी मी सहमत आहे, परंतु “फक्त नोंदवही” या शब्दांना माझी हरकत आहे. प्रशांत महासागरातील पलाऊ या बेटराष्ट्रातील कोरोर-बाबेलदाओब हा प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट गर्डरचा पूल 1977 मध्ये बांधला गेला तेव्हा 241 मीटरचा त्याचा गाळा या प्रकारच्या पुलांत जगात सर्वांत मोठा होता. क्रीपमुळे, म्हणजे सततच्या भाराखाली काँक्रीट हळूहळू आकार बदलत गेल्यामुळे, तो वर्षानुवर्षे खाली झुकत गेला, मध्यभागी ही झुकण सव्वा मीटरहून अधिक झाली आणि दुरुस्तीनंतर थोड्याच काळात, सप्टेंबर 1996 मध्ये, तो कोसळला. त्याचा तांत्रिक तपशील कायदेशीर तडजोडीमुळे अनेक वर्षे बंदिस्त राहिला. 2007 मध्ये बंगळुरूला भरलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअर्स वर्ल्ड काँग्रेसमध्ये क्रीपचे अभ्यासक प्राध्यापक झ्डेनेक बाझांत यांच्या पुढाकाराने, मोठ्या दुर्घटनांचा तांत्रिक तपशील खुला करावा, असा ठराव झाला. पुढच्याच वर्षी ती माहिती खुली झाली आणि प्रचलित सूत्रे दीर्घकालीन क्रीप किती कमी धरतात, हे आकड्यांनिशी दाखवता आले. म्हणून परिषदेत मोजमापांना दुय्यम समजण्याचे काहीच कारण नाही.

एक सूचना: तापमान कुठे मोजले, ते निबंधात नेमके लिहा. सावलीतील हवा, ग्राउटची बादली आणि दुपारी उन्हात तापलेला गर्डर यांचे आकडे एक नसतात. गर्डरचे तापमान घेतले नसेल तर तसे स्पष्ट नमूद करा. परीक्षक तो प्रश्न विचारणारच.

उत्तर – प्रीस्ट्रेसिंग विभाग, पुणे

ग्राउटिंगइतकेच इलाँगेशन महत्त्वाचे आहे, असे माझे मत आहे आणि ते मी आग्रहाने मांडतो. समजा केबल 40 मीटर लांब आहे आणि स्ट्रँड (केबलमधील पिळलेली पोलादी तार) 1860 मेगापास्कल ताकदीच्या प्रतीचा असून त्या ताकदीच्या 75 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 1395 मेगापास्कलपर्यंत, ताणला आहे. घर्षण बाजूला ठेवले तर लवचीकता गुणांक 195 गिगापास्कल धरून इलाँगेशन 286 मिलिमीटर येते; त्या कॉइलच्या (तारेच्या गुंडाळीच्या) प्रमाणपत्रात हा गुणांक 200 असेल तर 279 येते. म्हणजे हिशेबाच्या आणि मोजलेल्या इलाँगेशनमध्ये चालणाऱ्या 5 टक्के फरकाच्या मुभेपैकी निम्मी मुभा केवळ प्रमाणपत्र न पाहिल्यामुळे संपते. त्यानंतर घर्षण जास्त निघाले की डक्ट वाकडी बसली होती, हे ओळखायला जागाच उरत नाही. आपण कॉइल क्रमांकानुसार नोंदी लावल्या असतील तर कॉइलनिहाय आलेख काढा. त्या आलेखातून जे निघेल ते कोणत्याही साइटवर उपयोगी पडेल.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. कॉइल क्रमांक प्रत्येक पानावर आहेत. गर्डरचे तापमान मात्र घेतलेले नाही. आणखी एकच शंका: नोंदी कामाच्या मालकीच्या आहेत, तर त्या बाहेर कशा मांडाव्यात?

उत्तर – निवृत्त पूल अभियंता, जुळे सोलापूर

प्रथम कार्यकारी अभियंत्यांकडे आणि कंत्राटदाराकडे लेखी परवानगी मागा आणि सारांशाचा मसुदा त्या अर्जासोबतच जोडा, म्हणजे नक्की काय बाहेर जाणार आहे हे त्यांना कळेल. पुलाचे नाव गाळले तरी गाळ्याची लांबी, केबलची मांडणी आणि महिना ठेवावा, कारण त्यांच्याविना आकडे निरुपयोगी होतात. ज्या केबलचे इलाँगेशन मुभेबाहेर गेले, त्या वगळण्याचा सल्ला कोणीतरी देईल. तो मानू नका. त्यांच्याबाबत पुढे काय केले, हेही त्याच तक्त्यात द्या. तक्ता तयार झाला की इथे टाका, पाठवण्यापूर्वी मी तो नजरेखालून घालतो.