टॉवेल कडक होण्यामागे पाणीही असतं
मायक्रोफायबरचे (बारीक कृत्रिम धाग्यांचे) टॉवेल कडक झाले की फॅब्रिक कंडिशनर बंद करा, असा सल्ला मिळतो, तो मान्यच. त्याचा मेणचट थर बसला की मायक्रोफायबर पाणी ओढेनासं होतं. पण कंडिशनरचा थेंबही न वापरता टॉवेल पापडासारखे होत असतील तर बोअरचं जड पाणी तपासा. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम आणि साबणाची वडी यांचा चिकट साका धाग्यांत अडकतो आणि कितीही लिक्विड ओतलं तरी हटत नाही. मी अर्धी बादली कोमट पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर घालून टॉवेल अर्धा तास बुडवतो, मग साध्या पाण्यात दोनदा खळबळून सावलीत टाकतो. (व्हिनेगरसोबत ब्लीच चुकूनही नको, क्लोरीन वायू सुटतो.) वाळल्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. वरच बसून राहिला तर थर अजून आहे, लगेच जिरला तर काम झालं.

आणि आरओचं वाया जाणारं पाणी टॉवेलसाठी साठवत असाल तर त्यात क्षार नळापेक्षा जास्तच असतात. त्याने फरशी पुसा. पावसाळ्यात शेवटच्या खळबळीला पागोळ्यांचं पाणी धरलंत तर उत्तम, फक्त पहिल्या सरींचं नको, छपराची धूळ उतरते.