बल्ब बदलल्यावर हेडलाइट वर मारतोय

प्रश्न: एच-४ बल्ब बदलल्यापासून पुणे हायवेवर समोरचे सारखे डिपर मारतात. सोलापुरात घरीच सेटिंग जमेल का?

– आधी दिवा वर-खाली करणाऱ्या स्क्रूला हात लावू नका! बल्बचे तीन कान खाचेत नीट बसलेत का बघा. हेडलाइटच्या रिफ्लेक्टरमध्ये (आतल्या चकचकीत वाटीत) एलईडी टाकला असेल तर स्क्रू फिरवून उपयोग नाही, उजेडाची वरची कडाच पुसट होते.

– बल्ब नीट असेल तर: टायरची हवा बरोबर, ड्रायव्हर सीटवर, लेव्हलिंग स्विच (आतून दिव्याची उंची बदलणारा) ० वर. सपाट जागी दिवे भिंतीपासून ५ मीटरवर. दिव्याच्या मध्याच्या उंचीवर भिंतीवर खूण करा. लो बीमची कडा त्याखाली ५ सेंटिमीटर, म्हणजे १ टक्का उतार. दिव्यावर वेगळा टक्का छापला असेल तर तोच धरा. कडा डावीकडे चढते, ते बरोबरच आहे.

– फार खाली नको. बिनरिफ्लेक्टरची उसाची ट्रॉली उशिरा दिसते.