मदत हवी आहे: गरोदरपणात वाढलेल्या मुरुमांवर कोणती औषधे निर्धोकपणे लावता येतात?

गोदाकाठ

नमस्कार. हे माझे पहिलेच गरोदरपण असून सध्या बारावा आठवडा सुरू आहे. कॉलेजच्या दिवसांपासून मला मुरुमांचा त्रास आहे आणि गेली काही वर्षे तो त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेल्या जेलमुळे बराच आटोक्यात होता. त्या जेलमध्ये ॲडापॅलिन ०.१ टक्के आणि क्लिंडामायसिन १ टक्का हे दोन घटक होते. दिवस राहिल्याचे पाचव्या आठवड्यात कळले आणि त्याच दिवशी मी ते लावणे थांबवले. त्यानंतर मात्र हनुवटी, जबड्याची कड आणि मान या भागांत मुरुमे वेगाने वाढली आहेत. पूर्वी येत त्या बारीक पुटकुळ्या या नव्हेत. या त्वचेखालच्या टणक, दुखऱ्या गाठी आहेत, आणि कुशीवर झोपल्यावर उशीवर गाल टेकवणेही नकोसे होते.

स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारले तेव्हा "हार्मोन्समुळे होते, बाळंतपणानंतर बघू" एवढेच उत्तर मिळाले. बाहेर रांग मोठी होती, त्यामुळे अधिक विचारता आले नाही. परतताना मेडिकलमध्ये गरोदर असल्याचे सांगून काही सौम्य मलम मागितले, तर त्यांनी चिठ्ठी न मागताच एक ट्यूब पुढे केली आणि सगळ्या बायका हीच नेतात असे सांगितले. घरी आल्यावर खोक्यावरची बारीक अक्षरे मोबाइलने मोठी करून वाचली: हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, मोमेटासोन ०.१ टक्का. यांतले ट्रेटिनॉइन हे नाव ओळखीचे वाटल्यामुळे ट्यूब उघडलेली नाही. घरी सासूबाई दुधात जायफळ उगाळून लावायला सांगतात, तर जाऊबाई रक्तशुद्धीसाठी रोज सकाळी कडुलिंबाचा रस घ्यावा असा आग्रह धरतात.

पहिल्या पाच आठवड्यांत लावलेल्या जेलमुळे बाळाला काही अपाय झाला असेल का, ही माझी सर्वांत मोठी काळजी आहे. त्याखेरीज, उरलेले सहा महिने हे दुखणे निमूटपणे सोसण्यावाचून दुसरा मार्ग नाही का, आणि असल्यास कोणत्या औषधांबद्दल डॉक्टरांशी बोलावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

त्वचारोग_पुणे

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. तुम्हाला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय औषध लिहून देणे योग्य नाही, परंतु तुमच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडेल इतकी माहिती येथे देता येईल.

आधी जेलविषयी. ॲडापॅलिन हे रेटिनॉइड गटातले, म्हणजे व्हिटॅमिन एशी नाते असलेले औषध आहे आणि गरोदरपणात ते वापरू नये असाच सल्ला दिला जातो, त्यामुळे तुम्ही ते थांबवले हे बरोबरच केले. मात्र त्वचेवर लावलेले ॲडापॅलिन रक्तात अत्यल्प प्रमाणात उतरते, आणि नकळत राहिलेल्या गरोदरपणात सुरुवातीचे काही आठवडे अशी मलमे लावलेल्या स्त्रियांच्या बाळांमध्ये व्यंगांचे प्रमाण ठळकपणे वाढल्याचे आढळलेले नाही. एवढ्या कारणासाठी गर्भपाताचा विचार कोणी सुचवला, तर तो सल्ला चुकीचा आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांना जेलचे नाव आणि थांबवल्याची तारीख सांगून ठेवा आणि अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास होणारी ॲनॉमली सोनोग्राफी (बाळातील व्यंगे तपासणारी) नेहमीप्रमाणे करून घ्या.

लोकांच्या मनात या गटाची जी धास्ती आहे ती मुळात गोळीमुळे, म्हणजे आयसोट्रेटिनॉइनमुळे आहे, आणि त्या गोळीच्या बाबतीत ती अगदी रास्त आहे. हे औषध अमेरिकेत १९८२ मध्ये मंजूर झाले आणि थोड्याच काळात कान, चेहरा, हृदय व मेंदू यांत गंभीर व्यंगे असलेली बाळे जन्मल्याचे अहवाल येऊ लागले. गरोदरपणात गोळी पोटात गेल्यास अशा व्यंगांचा धोका साधारण २० ते ३५ टक्के मानला जातो. म्हणूनच तेथे २००६ पासून गर्भचाचणी आणि गर्भनिरोधन यांची नोंद सक्तीची आहे, आणि आपल्याकडेही ती गोळी सुरू करण्यापूर्वी, चालू असताना आणि बंद केल्यावर एक महिना गर्भ राहू न देणे अनिवार्य समजावे. तुम्ही ती घेतलेली नाही, त्यामुळे तिची भीती तुमच्या जेलला लावू नका.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. सोसत राहणे हा एकमेव मार्ग मुळीच नाही. गरोदरपणात माझी पहिली पसंती ॲझेलाइक ॲसिडला असते. ते १० ते २० टक्के प्रमाणात मिळते, त्याचा जेमतेम चार टक्के भाग त्वचेतून आत शिरतो, आणि हे आम्ल गहू, जव अशा धान्यांमधूनही आपल्या शरीरात जातच असते. मुरुम बसल्यावर मागे राहणारे काळे डागही त्याने फिके होतात, आणि आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेवर मुरुमांपेक्षा डागच जास्त काळ टिकत असल्यामुळे हा गुण मला विशेष मोलाचा वाटतो. दुसरे औषध बेन्झॉइल पेरॉक्साइड. ते २.५ टक्के प्रमाणात पुरेसे असते. त्वचेतून सुमारे पाच टक्के शोषले जाते, तेही बेन्झॉइक ॲसिड बनून लघवीवाटे निघून जाते. तिसरे क्लिंडामायसिन १ टक्का. परंतु हे प्रतिजैविक एकटे लावत राहिल्यास जंतू त्याला दाद देईनासे होतात, म्हणून ते बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या जोडीनेच द्यावे. दोन टक्क्यांपर्यंतचे सॅलिसिलिक ॲसिड असलेला फेसवॉश चालतो, पण पार्लरमध्ये किंवा क्लिनिकमध्ये याच आम्लाचे तीव्र पील (त्वचेचा वरचा थर काढणारा उपचार) संपूर्ण चेहऱ्यावर किंवा पाठीवर करून घेऊ नये.

तुम्ही वर्णन करता तशा खोल गाठींना निव्वळ मलम अपुरे पडण्याची शक्यता आहे. अशा वेळी ॲझिथ्रोमायसिन, सेफॅलेक्सिन किंवा एरिथ्रोमायसिन यांपैकी एखादी गोळी मोजक्या दिवसांसाठी देता येते. एरिथ्रोमायसिनचा इस्टोलेट हा प्रकार मात्र आईच्या यकृताला त्रासदायक ठरू शकत असल्याने टाळतात. एखादीच गाठ फार ठणकत असेल, तर तिच्यात अत्यल्प स्टिरॉइडचे इंजेक्शन देऊन ती बसवता येते. डॉक्सिसायक्लिन आणि मिनोसायक्लिन ही मुरुमांसाठी एरवी सर्रास दिली जाणारी औषधे आहेत. ती घरात जुनी शिल्लक असली तरी घेऊ नका, कारण चौथ्या महिन्यानंतर ती बाळाच्या घडत असलेल्या दातांत व हाडांत साठतात आणि दात कायमचे पिवळे-तपकिरी होतात. पीसीओएस (अंडाशयाशी निगडित हार्मोन्सचा बिघाड) असलेल्या मुलींना दिले जाणारे स्पायरोनोलॅक्टोनही चालत नाही, कारण मुलगा असल्यास त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत ते अडथळा आणू शकते.

औषधनिर्माती_सातारा

मी औषधनिर्माती असून हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये काम करते. त्या ट्यूबविषयी स्पष्टपणे लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते. ती मुरुमांवरची ट्यूब नाहीच. वांगासाठी, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवड्यांपुरते द्यायचे हे मिश्रण आपल्याकडे चेहरा उजळवण्याचे क्रीम म्हणून विकले जाते. त्यातील हायड्रोक्विनोन त्वचेतून ३५ ते ४५ टक्के शोषले जाते, ट्रेटिनॉइन रेटिनॉइडच आहे, आणि मोमेटासोन हे चांगले तीव्र स्टिरॉइड आहे. स्टिरॉइडने पहिले काही दिवस लाली आणि सूज ओसरते, चेहरा नितळ दिसतो, आणि नेमका त्याच कारणाने माणसाचा विश्वास बसतो. पुढे त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, ट्यूब थांबवताच चेहऱ्याची आग होते आणि मुरुमे दुप्पट जोमाने उसळतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमे शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत. तुम्ही गरोदर असल्याचे सांगूनही ती ट्यूब तुमच्या हातात दिली गेली, याचे मला मनापासून वाईट वाटते. न उघडलेली ट्यूब बिलासह परत करा. दुकानदाराने परत न घेतल्यास टाकून द्या, पण घरात इतर कोणाला वापरायला देऊ नका.

आणखी एक सूचना, कारण काउंटरवर हा घोटाळा मी नेहमी पाहते. एकाच ब्रँडच्या नावापुढे एखादे अक्षर बदलून वेगवेगळी जेल विकली जातात: क्लिंडामायसिनसोबत कधी निकोटिनामाइड असते, कधी बेन्झॉइल पेरॉक्साइड, तर कधी ॲडापॅलिन. पहिली दोन तुम्हाला चालतील, तिसरे चालणार नाही, आणि खोक्यांचा रंग मात्र सारखाच असतो. तेव्हा नावावर न जाता "कंपोझिशन" या शब्दाखालच्या ओळी दरवेळी वाचाव्यात. सौंदर्यप्रसाधनांच्या बाटलीवरही रेटिनॉल, रेटिनाल किंवा रेटिनिल अशी सुरुवात असलेले शब्द दिसल्यास ती बाजूला ठेवावी. खोक्यावर घटकांची नावे, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक नसलेली गोरेपणाची क्रीम तर अजिबात लावू नयेत. अशा काही क्रीममध्ये पारा सापडलेला आहे. तो आईच्या मूत्रपिंडांना इजा करतो आणि वारेतून बाळापर्यंतही पोहोचतो.

घरगुती उपायांबद्दल: सासूबाई सांगतात तसे जायफळ क्वचित एखाद्या पुटकुळीवर लावल्याने बाळाला धोका नाही, मात्र सुजलेल्या त्वचेला ते झोंबते आणि मागे डाग राहू शकतो. हळद आणि डाळीच्या पिठाचा लेप ज्यांना सोसतो त्यांनी खुशाल लावावा; फक्त दाणेदार उटणे गाठींवर चोळू नये. लिंबाचा रस आणि टूथपेस्ट लावू नये. कडुलिंबाचा रस पोटात घेणे मात्र पूर्ण टाळावे, कारण कडुलिंबाचा गर्भधारणेवर विपरीत परिणाम होत असल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. रक्तशुद्धीच्या गोळ्या आणि भस्मे यांनाही हेच लागू आहे. जाऊबाईंना हे सांगताना औषधनिर्मातीने कळवले आहे असे माझ्या वतीने अवश्य सांगा. घरातल्या मोठ्यांना नाही म्हणणे किती जड जाते हे मी जाणते.

दोन_लेकींची_आई

मला दुसऱ्या वेळी असाच त्रास झाला होता आणि ॲझेलाइक ॲसिडनेच गुण आला, म्हणून अनुभवाच्या दोन गोष्टी लिहिते. पहिला आठवडाभर लावल्यावर चुणचुण होते आणि खाजही सुटते; ओल्या चेहऱ्यावर लावले तर जास्तच. चेहरा धुऊन, पूर्ण कोरडा झाल्यावर वाटाण्याएवढे घेऊन, आधी एक दिवसाआड लावल्यास ते अंगवळणी पडते. फरक दिसायला दीड-दोन महिने लागतात, तेव्हा पंधरा दिवसांत निराश होऊन सोडू नका. बेन्झॉइल पेरॉक्साइडने कापडाचा रंग उडतो, म्हणून रात्री पांढरा अभ्रा वापरावा.

दुसरी गोष्ट मुरुमांची नाही, पण महत्त्वाची आहे. गरोदरपणात पोटावर, दंडावर खाजरे, एकसारखे बारीक पुरळ उठले तर ते मुरुम समजून औषध लावत बसू नका, आणि पुरळ नसताना तळहात-तळपायांना, विशेषतः रात्री, असह्य खाज सुटली तर त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांना कळवा. माझ्या बहिणीला सातव्या महिन्यात तशी खाज सुटली होती. रक्ततपासणीत पित्ताम्ले (यकृतात तयार होणारी, पित्तातली आम्ले) वाढल्याचे दिसले आणि पुढे तिच्यावर बारीक लक्ष ठेवावे लागले. वेळेवर सांगितल्यामुळे सर्व सुखरूप पार पडले.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जेलबद्दल वाचून कित्येक दिवसांनी शांत झोप लागली. ट्यूब परत केली. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन आले. त्यांनी ॲझेलाइक ॲसिड १० टक्के रात्री आणि क्लिंडामायसिन-बेन्झॉइल पेरॉक्साइड सकाळी असे दिले असून ॲझिथ्रोमायसिनचा छोटा कोर्स लिहिला आहे. मला लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या चालू आहेत, आणि आम्लपित्तासाठी पातळ औषधही अधूनमधून घेते. यांत काही अडचण येईल का? तसेच बाळ अंगावर पीत असताना जुने जेल पुन्हा सुरू करता येईल का?

त्वचारोग_पुणे

लोह आणि फॉलिक ॲसिड नेहमीप्रमाणे चालू ठेवावे. आम्लपित्ताच्या पातळ औषधात ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असते आणि त्यामुळे ॲझिथ्रोमायसिनचा प्रभाव घटू शकतो, म्हणून दोहोंमध्ये किमान दोन तासांचे अंतर ठेवा. आधी कधी हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता आढळली असेल, तर गोळी सुरू करण्यापूर्वी ती डॉक्टरांच्या कानावर घाला. व्हिटॅमिन ए असलेली वेगळी टॉनिके स्वतःहून जोडू नका. गरोदरपणात तयार स्वरूपातल्या व्हिटॅमिन एचा (रेटिनॉलचा) डोस दिवसाला १०,००० युनिटच्या वर जाता कामा नये. गाजर, पपनस, पालेभाज्या यांची धास्ती बाळगण्याचे मात्र कारण नाही. उन्हात जाताना झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले सनस्क्रीन लावा, नाहीतर ॲझेलाइक ॲसिडने डाग जात असतानाच नवे उमटतील.

सध्याचे लिहून घेतलेले कागद स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फाइलमध्येच लावून ठेवा, म्हणजे पुढच्या भेटीत रांग कितीही मोठी असली तरी त्यांच्या नजरेतून ते सुटणार नाहीत. मुरुमांसोबत आवाज घोगरा होऊ लागला किंवा हनुवटीवर दाट केस झपाट्याने वाढू लागले, तर त्यांना लगेच दाखवा. असे फार विरळा घडते, पण तेव्हा अंडाशयाची सोनोग्राफी आणि हार्मोन्सची तपासणी करावी लागते.

अंगावर पाजताना ॲझेलाइक ॲसिड आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड दोन्ही चालू ठेवता येतात. ॲडापॅलिनचे जेलही त्या काळात डॉक्टरांना विचारून लावता येते, फक्त छातीवर किंवा बाळाचा गाल टेकेल अशा जागी लावू नये. आयसोट्रेटिनॉइनची गोळी मात्र पाजणे पूर्ण थांबेपर्यंत घेऊ नये, आणि नंतरही ती सुरू करायची झाल्यास गर्भचाचणी नकारार्थी आल्यावर आणि गर्भनिरोधनाची व्यवस्था केल्यावरच करावी.