नोकिया ५८०० चा टच गेलाय की तो मुळात असाच होता?

खाडीपलीकडचा (वेंगुर्ले)

नमस्कार मंडळी. पावसाच्या आधी गावचं घर शाकारायला काढलंय, माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत काकाचा जुना नोकिया ५८०० एक्सप्रेसम्युझिक मिळाला, अख्ख्या बॉक्ससकट. बारीक पिनचा चार्जर पण होता आत, लावला तर चक्क सुरू झाला!! पण टच विचित्र आहे. आपण आताच्या फोनला लावतो तसं बोट लावलं की ढिम्म, आणि नखाने दाबलं की लगेच घेतो. दोन बोटांनी फोटो मोठा करायला गेलो तर काहीच नाही. टच गेलाय का? रत्नागिरी कुडाळकडे कोणी दुरुस्त करून देईल का? बॉक्समध्ये गिटार वाजवायला असतं तसलं एक त्रिकोणी प्लास्टिक पण आहे, ते कशाला ते कळलं नाही. काका म्हणतो त्या काळी हा फोन बघायला लोक माझ्या मागे फिरायचे. खरंच एवढं काय होतं यात की काका फेकतोय?

स्क्रूड्रायव्हर (रत्नागिरी)

टच अजिबात गेलेला नाही, दुरुस्तीला कुठे देऊ नको, उगाच कोणीतरी पैसे घेईल. हा रेझिस्टिव्ह टच आहे. वर लवचिक प्लास्टिकचा थर, खाली दुसरा थर, मध्ये बारीकशी फट. वरून दाबलं की दोन्ही थर एकमेकांना टेकतात आणि कुठे टेकले त्यावरून फोनला जागा कळते. म्हणजे बोट आहे, नख आहे की खराट्याचा हीर आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, दाब पाहिजे. आताची स्क्रीन कपॅसिटिव्ह, बोट जवळ आलं की तिथला विद्युतभार बदलतो तो ती ओळखते म्हणून नुसतं टेकवलं तरी चालतं. दोन बोटांचं झूम यात नव्हतंच, त्याला एका वेळी एकच जागा कळते. नेम चुकत असेल तर सेटिंगमध्ये टच कॅलिब्रेशन आहे ते एकदा करून घे. ते त्रिकोणी म्हणजे स्टायलस, म्युझिकवाला फोन म्हणून गिटारच्या पिकसारखा केलेला. काडीसारखा दुसरा स्टायलस मागच्या कव्हरच्या कोपऱ्यात खोचलेला असतो, बघ आहे का, बहुतेकांचा हरवलेलाच असायचा.

आणि तेव्हा सगळे या टचला नावं ठेवायचे, आयफोनसारखा मऊ नाही, दाबावं लागतं वगैरे. मी म्हणतो ते एसीत बसून लिहिणाऱ्यांचं झालं. जुलैत आपल्याकडे फोन वापरून बघा. आताचा भारीतला भारी फोन घ्या, स्क्रीनवर पावसाचे चार थेंब पडले की स्वतःच कुठेही फोन लावत सुटतो, ओल्या बोटाने कॉल उचलायचा तर शर्टाला कोरडी जागा शोधावी लागते आणि ती नसतेच. रेझिस्टिव्हला पाण्याने काही फरक पडायचा नाही. आमच्या मिरकरवाडा बंदरावर लोक फोन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचे आणि पिशवीवरूनच नंबर दाबायचे, हाताला मासळीचं पाणी असलं तरी. हां, वाळू मात्र त्याची वैरी. वरचं प्लास्टिक असल्यामुळे पटकन चरे पडायचे आणि उन्हात स्क्रीन फिकी दिसायची.

दादर_ते_सावंतवाडी

दादा टचचं पटलं पण त्या फोनचं खरं दुखणं टच नव्हतंच, सॉफ्टवेअर होतं. सिंबियन एस६० ही त्याची ऑपरेटिंग सिस्टीम बटणांच्या फोनसाठी बनवलेली, त्याच्यावर टच चढवला इतकंच. मेन्यूतल्या आयकॉनला एकदा टॅप केलं की उघडायचं आणि यादी असेल तर पहिल्या टॅपला नुसतं सिलेक्ट, दुसऱ्या टॅपला उघडणार. कुठे एक कुठे दोन याचा पत्ताच नाही. सुरुवातीला यादी खाली सरकवायला बाजूची ती बारीक पट्टी धरून ओढायची, बोटाने ढकलून सरकवायची सोय नंतरच्या अपडेटात आली. तोवर माणूस आयफोन हातात घेऊन आला की संपलं, फरक सांगावा लागायचा नाही.

पण त्या आयफोनचं पण ऐका ना. २२ ऑगस्ट २००८ ला आयफोन ३जी भारतात आला तो ८ जीबीवाला ३१ हजारांना. एवढे पैसे देऊन कॉपी पेस्ट नाही, एमएमएस नाही, व्हिडिओ शूटिंग नाही, ब्लूटूथने कोणाला गाणं पाठवता येत नाही. कॉपी पेस्ट आणि एमएमएस २००९ च्या जूनमध्ये अपडेटमधून आलं. आणि त्यातलं थ्रीजी आपल्याकडे कामाचंच नव्हतं, एमटीएनएलने दिल्लीत सुरू केलं तेच डिसेंबर २००८ मध्ये. त्यापुढे हा ५८०० बघा, २ ऑक्टोबर २००८ ला जाहीर झालेला, वायफाय, जीपीएस, ३.२ मेगापिक्सेल कार्ल झाइसचा कॅमेरा फ्लॅशसकट, साधा ३.५ चा हेडफोन जॅक, बॉक्समध्येच ८ जीबीचं कार्ड. स्क्रीन ३.२ इंचांची पण ६४० बाय ३६०, आयफोनची मोठी असून ४८० बाय ३२०, म्हणजे अक्षरं यातच जास्त रेखीव. आणि हे सगळं वीसेक हजारांच्या घरात. जानेवारी २००९ मध्येच नोकियाने दहा लाख फोन गेल्याचं जाहीर केलं होतं, तेव्हा काका अगदीच फेकत नाहीये.

सोलकढी_स्पेशल (मालवण)

मेल्या काकाक खोटो पाडू नको 😄 गणपतीक चाकरमानी इलो की पयलो तेचो फोन बघूक मिळाक होयो, मगे आरती. तेच्या बॉक्सात टीव्हीक लावची केबल पण येय, ती लावन आमच्या वाडीत भजनाचे व्हिडिओ टीव्हीर बघलेले, मधीच लोडशेडिंग झाला तर परत फोनार. आवाज पण काय, दोन स्पीकर, मांडवातसून पार विहिरीपर्यंत आयकाक येय.

माका एकच आठवता, मराठी पेपर तेच्यार उघडलो की सगळे चौकोन चौकोन. मगे कोणीतरी सांगल्यान ऑपेरा मिनी ब्राउझरात पत्त्याच्या जागी कॉन्फिग लिहून आत जा आणि बिटमॅप फॉन्टच्या पुढे येस कर. केला आणि मराठी दिसली!! अक्षरां जरा झिजलेली पण वाचूक येयत. ता एक सेटिंग मी गावातल्या सगळ्यांका करून दिलंय.

घाटात_गाडी

नकाशा कोणीच काढला नाही म्हणून लिहितो. जानेवारी २०१० मध्ये नोकियाने ओव्ही मॅप्सचं नेव्हिगेशन फुकट केलं, त्या पहिल्या फोनांत ५८०० होता. भारताचा नकाशा कम्प्युटरवरून कार्डात भरून ठेवायचा, मग रेंज असो नसो. मी तेव्हा टुरिस्टची गाडी चालवायचो, आंबोलीच्या धुक्यात नाहीतर आंजर्ले केळशी साइडला रेंजच्या नावाने बोंब, तिथे हा फोन डॅशबोर्डवर वळणं सांगत बसायचा आणि मागचे मुंबईवाले गप्प. पहिल्यांदा सॅटेलाइट पकडायला फार वेळ घ्यायचा हे खरं, आणि वाडीतल्या आतल्या रस्त्याला शेवटी टपरीवरच विचारावं लागायचं.

खाडीपलीकडचा (वेंगुर्ले)

बापरे, एवढं सगळं. कॅलिब्रेशन केलं, आता बराच बरा चालतोय, आणि मागच्या कोपऱ्यात खरंच काडी निघाली 😀 काकाला सगळं वाचून दाखवलं, कॉलर टाइट आहे त्याची. आता यात सिम टाकून नुसता कॉलला वापरता येईल का? व्हॉट्सअ‍ॅप? त्याचे जुने नंबर पण काढायचेत, काही माणसं आता नाहीत पण त्याला ते नंबर हवेत.

स्क्रूड्रायव्हर (रत्नागिरी)

व्हॉट्सअ‍ॅप विसर, सिंबियनवरचं २०१७ मध्येच बंद झालं. नेट पण जवळजवळ नाहीच, आताच्या वेबसाइटची सुरक्षा त्या जुन्या ब्राउझरला झेपत नाही. जिओचं सिम चालणार नाही कारण ते फक्त फोरजी आणि त्याच्या पुढचं. एअरटेल किंवा व्हीआयचं टूजी असेल तिथे कॉल लागतील. सिम मोठ्या मापाचं लागतं, नॅनोला अ‍ॅडॅप्टर घाल आणि नीट बसव, अडकलं तर बॅटरी काढून आतून स्टायलसनेच ढकलावं लागतं. फोनला मायक्रो यूएसबीचं भोक आहे पण त्यातून चार्ज होत नाही, तो बारीक पिनचा चार्जर जपून ठेव. बॅटरी बीएल-५जे, हीच पुढे ल्युमिया ५२० ला पण होती त्यामुळे दुकानात अजून सापडते, फक्त जुनी फुगलेली असेल तर आधी बाहेर काढ.

कॉल घेताना समोरच्याचा आवाज आला नाही तर घाबरू नको. अगदी सुरुवातीच्या हँडसेटमध्ये दमटपणाने इअरपीसचे कॉन्टॅक्ट सुटायचे, कंपनीने २००९ मध्ये ते मान्य करून भाग बदलला होता. तुझा त्यातला असला तर स्पीकरवर बोल नाहीतर हेडफोन लाव.

नंबरांसाठी कॉन्टॅक्टमध्ये जाऊन सगळे मार्क कर आणि ब्लूटूथने तुझ्या फोनला पाठव. सिम टाकायच्या भानगडीत पडण्याआधी हे कर, आणि चार्जर लावून ठेवूनच कर.