देहदानात आलेल्या बॉडीची एचआयव्ही, कावीळ टेस्ट व्हावी का?

अनॅटॉमीवाला: आमच्याकडे देहदान आलं की डेथ सर्टिफिकेट बघतात, नातेवाइकांना विचारतात एचआयव्ही, कावीळ, टीबी काही होतं का, ते नाही म्हणाले की बॉडी आत. माझं मत, एम्बामिंगच्या (बॉडी टिकावी म्हणून आत रसायन भरतात त्याच्या) आधी रक्त काढून एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तिन्ही टेस्ट व्हायलाच पाहिजेत. बी, सी वर्षानुवर्षं काही त्रास न देता अंगात असतात, घरच्यांना कुठून कळणार?

शिल्पा_नाशिक: एम्बामिंगला वापरतात त्या फॉर्मालिनमध्ये हे तिन्ही व्हायरस मरतात, मग बॉडीवर शिकणाऱ्या मुलांना धोका कसला? त्यापेक्षा फॉर्मालिनचंच बघा, 2004 मध्येच ते कॅन्सरकारक ठरवलंय.

अनॅटॉमीवाला: मुलांचं नाही म्हणत हो मी. मांडीत चीर देऊन फिमोरल आर्टरी (तिथली मोठी रक्तवाहिनी) शोधून त्यात कॅन्युला (नळी) घालतो तो अटेंडंट, त्याच्या हातात येते ती फॉर्मालिन जायच्या आधीची बॉडी. शीतगृहातल्या मृतदेहात कित्येक दिवसांनीही जिवंत एचआयव्ही सापडलेला आहे. सुई टोचली तर एचआयव्ही रोखायचं औषध 72 तासांच्या आत सुरू करावं लागतं आणि 28 दिवस घ्यावं लागतं, रिपोर्टच नसेल तर त्या माणसाने कशावर ठरवायचं?

निवृत्त_पॅथॉलॉजिस्ट: टोचल्यावर टेस्ट करा की, रक्त जपून ठेवा म्हणजे झालं. मेल्यानंतरच्या रक्तात पेशी फुटलेल्या असतात, कार्ड टेस्ट (पट्टीवरची झटपट टेस्ट) उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि विंडो पिरियडमधला, म्हणजे नुकतीच लागण झालेला माणूस निगेटिव्ह दिसतो. टीबी यात कळत नाही, सीजेडी या मेंदूच्या रोगाचे प्रिऑन (रोग पसरवणारी प्रथिनं) तर फॉर्मालिनलाही दाद देत नाहीत. निगेटिव्ह रिपोर्ट बघितला की लोक ग्लोव्ह काढतात. प्रत्येक बॉडी पॉझिटिव्हच धरा, डबल ग्लोव्ह, गॉगल, बी ची लस, हेच खरं.

सांगलीची_लेक: बाबांनी फॉर्म भरलाय म्हणून विचारते. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर सांगणार कुणाला, त्याच दिवशी आईला? जिवंत माणसाची एचआयव्ही टेस्ट संमतीशिवाय करायची नाही असं 2017 चा कायदा सांगतो, मग गेलेल्या माणसाचं गुपित असं उघडं पाडायचं? आणि अँब्युलन्स माघारी पाठवली तर गावात काय बोलतील.

अनॅटॉमीवाला: ताई, म्हणूनच देहदानाच्या फॉर्मवरच संमतीची ओळ छापा, रिपोर्ट कुणाला द्यायचा तेही दात्यानेच लिहावं. आईंना कळलं तर त्या स्वतःची तपासणी तरी करतील, बी निघाला तर त्यावर औषधं आहेत, सी तर पूर्ण बरा होतो.

शिल्पा_नाशिक: असली ओळ बघून माणूस फॉर्म खाली ठेवेल. आधीच बॉड्या कमी आहेत.

निवृत्त_पॅथॉलॉजिस्ट: पॉझिटिव्ह बॉडीचं करणार काय ते आधी सांगा.

अनॅटॉमीवाला: परत पाठवायची नाही. घरच्यांना चालत असेल तर कॉलेजनेच खर्च करून अंत्यसंस्कार करायचे, आणि हेही फॉर्मवर आधीच लिहिलेलं पाहिजे.